दहा हजार नावांचं पान

(दृश्य: वर्तमानपत्राचं उघडं पान. कॅमेरा हळूहळू जवळ जातो.)

दुरून पाहिलं तर पानावर नुसता करडा रंग. जवळ या. अजून थोडं. ती अक्षरं आहेत. माणसांची नावं, मुंग्यांच्या रांगेसारखी एकाला एक खेटून.

१६ डिसेंबर २००४ चा न्यूयॉर्क टाइम्स. त्यात दोन पूर्ण पानांची जाहिरात, फायरफॉक्स या ब्राउझरची, म्हणजे वेबसाइट बघायच्या सॉफ्टवेअरची. ब्राउझर फुकट, त्यामागची मोझिला फाउंडेशन ना-नफा संस्था. मग या महागड्या पानांचे पैसे भरले कुणी? ज्यांची नावं छापली आहेत त्यांनीच, वर्गणी काढून. सुमारे दहा हजार जण. गणेश मंडळाच्या फळ्यावर देणगीदारांची नावं लागतात ना, तसंच. फळा फक्त न्यूयॉर्कचा.

(दृश्य: जुना संगणक. पडद्यावर एकामागून एक जाहिरातींच्या खिडक्या उघडतात.)

त्या काळी इंटरनेट म्हणजे मायक्रोसॉफ्टचा ब्राउझर, इंटरनेट एक्सप्लोरर. नव्वद टक्क्यांहून जास्त लोक तोच वापरायचे, कारण तो विंडोजसोबतच यायचा. त्याच्याशी टक्कर घ्यायला मोझिलाकडे जाहिरातीचा पैसा नव्हता. होती ती माणसं. सप्टेंबर २००४ मध्ये ‘स्प्रेड फायरफॉक्स’, म्हणजे ‘फायरफॉक्स पसरवा’, ही मोहीम सुरू झाली. फायरफॉक्सची १.० आवृत्ती आली ९ नोव्हेंबरला. म्हणजे लग्नाआधीच वऱ्हाड गोळा झालेलं.

वऱ्हाडात सगळेच प्रोग्रामर नव्हते, आणि या गोष्टीतला खरा मुद्दा तोच. फायरफॉक्ससारख्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरचा कोड सगळ्यांना खुला असतो, त्यात कुणीही हातभार लावू शकतो. तिथे नवखा माणूस हौसेने विचारतो, “मी काय करू?” उत्तर येतं, “ती कामांची यादी पडलीय, बघ वाचून.” यादीतलं निम्मं त्याला कळत नाही. दुसऱ्या दिवशी तो येत नाही. कुणी त्याला हाकललेलं नसतं. ‘ये, बस’ म्हणायचं तेवढं राहून गेलेलं असतं.

फायरफॉक्सच्या मोहिमेत पहिलं काम पाच मिनिटांचं होतं. फायरफॉक्सचं छोटं बटण आपल्या वेबसाइटवर लावायचं. त्यावर टिचकी मारून कुणी ब्राउझर घ्यायला गेलं, की तुमच्या नावावर गुण जमा. हा गुणांचा खेळ मला जरा पोरकट वाटतो, खरं सांगायचं तर. पण आलेल्याच्या हातात आल्या आल्या काम पडायचं, आणि ते कुणीतरी मोजतंय हेही त्याला दिसायचं.

(दृश्य: ओटचं शेत. वरून घेतलेलं छायाचित्र.)

मग लोक स्वतःच कामं शोधू लागले. ऑगस्ट २००६. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात, अ‍ॅमिटी गावाजवळचं ओटचं शेत. ओरेगन स्टेट विद्यापीठातल्या लिनक्सप्रेमींनी (लिनक्स ही विंडोजसारखीच, पण ओपन सोर्स प्रणाली) तिथे उभं पीक आडवं करून फायरफॉक्सचं कोल्ह्याचं बोधचिन्ह काढलं. व्यास २२० फूट. माणसं बारा. वेळ, चोवीस तासांच्या आत. शेतात उभं राहिलं तर काहीच कळत नाही, इथे ओट झोपलेत आणि तिथे उभे, एवढंच. कोल्हा दिसतो तो विमानातून.

हे कुठल्या मार्केटिंगच्या बैठकीत ठरलं असतं का? मला नाही वाटत. खर्चाच्या रकान्यात ‘पीक आडवं करणे’ कोण लिहिणार?

(दृश्य: जगाचा नकाशा, आकडे वेगाने वाढतायत.)

१७ जून २००८. फायरफॉक्स ३ चा दिवस. आवाहन साधं: आजच डाउनलोड करा, विक्रम करू. सुरुवातीलाच एवढी झुंबड उडाली की मोझिलाचे सर्व्हर कोलमडले. तरी चोवीस तासांत आकडा गेला ८०,०२,५३० वर, आणि गिनीज बुकात नोंद झाली.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गूगलचा क्रोम ब्राउझर आला आणि पुढे बाजार फिरला. ती गोष्ट वेगळी. फायरफॉक्स आज मराठीतही मिळतो. त्या वर्गणीदारांपैकी किती जण अजून तो वापरतात, कोण जाणे.

(दृश्य: पुन्हा ते पान. एक बोट नावांच्या ओळीवरून हळूहळू सरकतंय आणि एका नावापाशी थांबतं.)