जीपचा उजेड वाटेत कुठे मुरतो?

(पुण्यात जुन्या जीपवाल्यांच्या मेळाव्यात दिलेलं व्याख्यान. बोलण्याचा बाज तसाच ठेवून संपादित.)

मागे उभे आहेत त्यांनी पुढे या, इथे सतरंजीवर जागा आहे. पत्रिकेत विषय छापलाय, ‘जुन्या जीपचे हेडलाईट: बदल आणि सुधारणा’. आधी हात वर करून सांगा, गेल्या पाच वर्षांत हेडलाईटचे बल्ब किती जणांनी बदलले? जवळजवळ सगळ्यांनीच. आणि बल्बच्या होल्डरपाशी मीटर लावून व्होल्टेज कुणी मोजलं? तीन हात. चौथा अर्धाच वर आहे, तो मी धरत नाही. आजचं बोलणं उरलेल्या सगळ्यांसाठी आहे.

नळाला पाणी कमी येतंय म्हणून तोटी बदलली, तरी धार तेवढीच. टाकी भरलेली, तोटी नवी कोरी, आणि मधला पाइप गंजलेला. आपल्या जीपचं अगदी हेच आहे. उजेड कमी पडला की आपण दुकानात जाऊन जास्त वॉटचा बल्ब आणतो. पाणी मुरत असतं तारेत.

तसे आपण भाग्यवान आहोत. १९४९ साली मुंबईत माझगावला विलीज जीप जुळवायला सुरुवात झाली. तेव्हापासून सीजे थ्री बी घ्या, एमएम ५४० घ्या, १९८५ साली आलेली जिप्सी घ्या, दिवा एकाच मापाचा: सात इंची, गोल. अॅम्बॅसेडरलाही तोच. म्हणून तो आजही कुठेही मिळतो. दुसऱ्या महायुद्धातल्या मूळ जीपचे दिवे याहून लहान होते, पण त्यांची एक गोष्ट मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. ते बिजागरीवर बसवलेले होते. विंगनट ढिला करायचा, दिवा मागे उलटवायचा, की उजेड थेट इंजिनावर. अंधारात बॉनेट उघडून बसलेल्या जवानाला काय लागेल, याचा विचार ज्या कुणी केला त्या माणसाला माझा नमस्कार आहे.

आता वरंधा घाट. हा किस्सा काही जणांनी ऐकलाय, त्यांनी पुन्हा ऐकावा.

जुलै महिना. महाडला भाचीचं बारसं उरकून आम्ही भोरकडे निघालो. गाडी एमएम ५४०, शेजारी मेव्हणा, मागे आई आणि बायको. आदल्याच दिवशी मी ६०/५५ वॉटचे (अप्परला ६०, डिपरला ५५) बल्ब काढून १००/९० चे टाकले होते, आणि घरासमोरच्या भिंतीवर उजेड पाडून सगळ्या आळीला दाखवला होता. घाट लागला तोवर अंधार पडला, पावसाने झोड उठवली. मला वाटलं होतं तेवढा लख्ख उजेड काही पडत नव्हता. ओला रस्ता उजेड पिऊन टाकतोय असं म्हणून मी मनाची समजूत घातली. निम्मा घाट चढलो असू, आई मागून म्हणाली, “काहीतरी जळतंय रे.” मी म्हटलं, क्लच असेल. चढणीला क्लचचा वास येतोच. पुढच्या वळणावर डावा दिवा गेला. मी पटकन अप्परवर टाकला, तर उजवाही गेला.

वळणात, पावसात, दोन्ही दिवे बंद. उजव्या हाताला कडा, डाव्या हाताला काय आहे ते दिसत नाही पण ठाऊक आहे. एक मिनिट कुणीच बोललं नाही. मग मेव्हणा टॉर्च घेऊन उतरला, आणि पार्किंग लाईटवर, पहिल्या गिअरमध्ये, त्याच्या पाठीकडे बघत मी गाडी चालवली. वाघजाईच्या देवळापर्यंत. तिथल्या भज्यांच्या टपरीवाल्याने ताडपत्री बाजूला करून आम्हाला आत घेतलं, आईला घोंगडी दिली, चहा केला. पैसे घेईना. त्या रात्री आम्ही तिथेच बसून काढली. आजही त्या वाटेने गेलो तर तिथे थांबल्याशिवाय मी पुढे जात नाही.

सकाळी भोरला एक म्हातारे वायरमन भेटले. त्यांनी दिवा काढला तर बल्बचा होल्डर मेणासारखा वितळून पिनांवर थिजलेला. त्यांनी नवा होल्डर लावला, माझ्या डिकीतले जुने ६०/५५ चे बल्ब परत बसवले, गाडी चालू ठेवून डिपर लावला आणि मीटर काढला. बॅटरीवर १३.८ व्होल्ट. होल्डरवर १२. मला म्हणाले, “पाव्हणं, दिव्याला कशाला दोष देताय? करंट वाटंतच मुरतोय की.” मग मीटरची एक सुई होल्डरच्या अर्थच्या, म्हणजे करंट परत जायच्या, पिनेवर, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हवर. तिथे शून्याच्या जवळ यायला हवं. आलं ०.७. त्यांनी मडगार्डच्या आत हात घातला आणि अर्थचा स्क्रू काढून माझ्या तळहातावर ठेवला. स्क्रूला गंजाचे पापुद्रे, आणि त्याखालचं तांब्याचं टर्मिनल हिरवंगार. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात आमटी कळकते, ते हिरवं आठवा. माझ्या दिव्याचा सगळा करंट त्या हिरव्या थरातून वाट काढत होता. आणि मी त्याच वाटेवर दीडपटीहून जास्त ओझं लादलं होतं.

१.८ व्होल्ट म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण तापलेल्या तारेच्या बल्बचा स्वभाव वेगळा आहे. व्होल्टेज दहा टक्के घसरलं तर उजेड जवळजवळ तीस टक्के घटतो. माझ्या जीपमध्ये बॅटरीपासून दिव्यापर्यंत येता येता चाळीस टक्के उजेड जात होता. जास्त वॉटचा बल्ब जास्त करंट ओढतो, तारेत आणखी व्होल्टेज पडतं, तार आणि होल्डर तापतात, आणि शेवटी वरंधा घाट येतो.

मुळात या गाड्यांतली वाटच लांबलचक आहे. बॅटरीकडून करंट डॅशबोर्डच्या स्विचला येणार, तिथून डिपरच्या स्विचला, मग परत पुढे नाकापर्यंत. माझ्या वडिलांच्या सीजे थ्री बीमध्ये डिपर पायाशी होता, क्लचच्या डाव्या बाजूला. चिखलाच्या बुटाने दाबायचा. त्यात माती, पाणी, शेण, सगळं जायचं, आणि दिव्यांचा पूर्ण करंट त्याच्यातून वाहायचा.

दुसरी गोष्ट मला फार लागते, ती समोरच्या माणसाच्या डोळ्यांची. आपल्या एच फोर बल्बमध्ये दोन तारा असतात. डिपरच्या तारेखाली पत्र्याची छोटी पन्हाळ असते. तिच्यामुळे उजेड फक्त रिफ्लेक्टरच्या वरच्या अर्ध्या भागावर पडतो आणि तिथून खाली रस्त्यावर उतरतो. पूर्वी काचेच्या वरच्या भागाला काळा रंग फासायची पद्धत होती, आठवतंय? त्या रंगाने नेमका डिपरचाच उजेड अडायचा! हेतू चांगला होता, पण चालवणाऱ्याला दिसेना, मग तो अप्परवरच जाई. आणि आता त्याच जुन्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडीचे बल्ब कोंबले जातात. रिफ्लेक्टर त्या पन्हाळीच्या आणि तारेच्या जागेवर बेतलेला आहे. उजेडाची जागा जराशी सरकली की तो वाट्टेल तिकडे उधळतो. बसणाऱ्याला वाटतं, काय लख्ख पडलाय! समोरचा दुचाकीवाला मात्र त्या क्षणी आंधळा असतो, आणि त्याच्या मागे बहुधा कुणी बसलेलं असतं. माझी कळकळीची विनंती आहे, असे बल्ब लावले असतील तर आजच काढा.

चिठ्ठी आलीये, सात मिनिटं उरलीत. आणि पत्रिकेत छापलेला विषय आत्ता कुठे सुरू होतोय. भराभर सांगतो, लिहून घ्या.

दोन रिले घ्या, एक अप्परला, एक डिपरला. रिले म्हणजे थोड्याशा करंटवर चालू होऊन मोठा करंट सोडणारा स्विच. ३० नंबरच्या पिनेला बॅटरीकडून थेट तार, मध्ये १५ अँपिअरचा फ्यूज, तोही बॅटरीपासून वीतभर अंतरात. ८७ वरून दिव्यांना. ८५ अर्थला. ८६ ला तुमची जुनी तार, जी आत्ता होल्डरला जाते ती. म्हणजे जुन्या स्विचने फक्त रिलेला जागं करायचं, ओझं नव्या तारेने वाहायचं. तार अडीच स्क्वेअर एमएमची, तांब्याची. अर्थची तारही तेवढीच जाड, आणि ती मडगार्डला न अडकवता बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत न्या. होल्डर सिरॅमिकचे. रिले पिना खाली करून बसवा, म्हणजे पाणी साचणार नाही. पत्र्यातून तार जाते तिथे रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेने तार कापू नये म्हणून बसवायची कडी, हवंच.

मग रिफ्लेक्टर बघा. चकाकी उडून करडा पडला असेल तर पुसत बसू नका, दिवा बदला. नव्या बल्बच्या काचेला बोट लावू नका.

पूर्ण सात इंची एलईडी दिवा घ्यायचाय, त्यांनी जरूर घ्या. चांगल्या बनावटीचा दिवा करंट कमी ओढतो आणि उजेडही नेमका टाकतो. पण अमेरिकेतल्या जीपसाठी बनलेला नको. तिथे गाड्या उजवीकडून चालतात, त्यामुळे त्या दिव्याचा उजेड उजवीकडे चढतो, म्हणजे आपल्याकडे समोरच्याच्या थेट डोळ्यांत. युरोपियन मानकाच्या दिव्याच्या काचेवर बाण बघा. गाडीसमोर उभं राहिल्यावर तो आपल्या उजव्या हाताकडे रोखलेला असेल, तर दिवा आपल्या रस्त्याचा. लावल्यावर भिंतीवर डिपर पाडा, उजेडाची कड डावीकडे वर चढली पाहिजे.

आणि सेटिंग. सपाट जागा, भिंतीपासून पाच मीटर. दिव्याच्या मध्याइतक्या उंचीवर खडूची रेघ मारा, डिपरची कड त्या रेघेच्या पाच सेंटिमीटर खाली आणा. रिंगेभोवतीचे लहान स्क्रू दिवा धरून ठेवणारे असतात, ते पिळत बसू नका. सेटिंगचे दोनच: वरचा स्क्रू उजेड वर-खाली करतो, बाजूचा डावी-उजवीकडे. आपल्या गाड्यांना मागे पाट्यांच्या स्प्रिंगा आहेत. मागे चार माणसं बसली की शेपूट दबते आणि दिवे आभाळाकडे बघतात. तेव्हा नेहमी जेवढी माणसं नेता तेवढी बसवूनच सेटिंग करा.

घंटा झाली, थांबतो. मीटर मी बरोबर आणलाय. बाहेर अकरा जीपा उभ्या आहेत, मी येताना मोजल्या. चहा घ्या, बॉनेट उघडा, डिपर लावून गाड्या चालू ठेवा. त्या कोपऱ्यातल्या हिरव्या सीजेपासून सुरुवात करू, तिचा डावा दिवा मला मघाशीच पिवळट दिसला.