ताप नसतो तेव्हा

मंडळी, हिवताप म्हटलं की काय आठवतं? दात वाजवणारी हुडहुडी, मग फणफणणारा ताप, शेवटी दरदरून घाम. घाम आला, ताप उतरला, की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. मला आज बोलायचंय ते मधल्या शांत वेळेबद्दल. या आजाराचं बरंचसं काम तेव्हाच चालतं.

हिवताप पसरवते अ‍ॅनोफिलीस डासाची मादी. नर रक्त पीतच नाही. मादीला अंड्यांसाठी ते लागतं. ती चावते मुख्यतः संध्याकाळपासून उजाडेपर्यंत. चावताना ती आधी थोडी लाळ सोडते आणि लाळेबरोबर प्लास्मोडियम नावाचे परजीवी कातडीत उतरतात. किती? बहुतेक वेळा शंभरही नसतात. तिथून ते रक्तावाटे यकृत गाठतात आणि आठवडाभर, कधी त्याहून जास्त, तिथेच वाढतात. एकेका पेशीतून हजारो तयार होतात. या दिवसांत माणूस जेवतो, कामाला जातो. रक्त तपासलं तरी काही सापडत नाही.

मग ते तांबड्या पेशींत शिरतात. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर पेशीच्या आत खडा बसवलेल्या अंगठीसारखी एक नाजूक निळी रेघ दिसते. ती अंगठी हिमोग्लोबिन खाऊन फुगते आणि खाल्ल्याचा काळपट चोथा मागे ठेवते. याच काळ्या कणांवरून ब्रिटिश लष्करी डॉक्टर रोनाल्ड रॉस यांना 20 ऑगस्ट 1897 रोजी सिकंदराबादेत डासाच्या जठराच्या भिंतीतला परजीवी ओळखता आला. तो चोथा आहे, पण मला तो फार मोलाचा वाटतो.

प्लास्मोडियमच्या व्हायव्हॅक्स आणि फाल्सिपेरम या दोन्ही जातींत साधारण 48 तासांनी पेशी फुटतात, नवे परजीवी बाहेर पडतात, सोबतची घाण रक्तात मिसळते आणि शरीर तापतं. म्हणून एक दिवसाआड ताप. मात्र फाल्सिपेरम ही पाळी फारशी पाळत नाही. ताप रोज येतोय म्हणून हिवताप नाही, असं कृपा करून कुणी ठरवू नका.

फाल्सिपेरमबद्दल थोडं थांबून सांगतो. परजीवी असलेली पेशी ताठर होते आणि अशा पेशी पांथरी गाळून काढते. हिवतापात पांथरी वाढते ती या कामामुळेही. फाल्सिपेरम तिला चुकवतो. तो पेशीच्या पृष्ठभागावर बारीक उंचवटे उभे करतो आणि पेशी सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंतीला चिकटून बसते. हे मेंदूत झालं की रक्ताची वाट अडते, माणूस बेशुद्ध पडतो, लहान मुलांना झटके येतात. जगभरात हिवतापाने दगावणाऱ्यांत सर्वाधिक आहेत आफ्रिकेतली पाच वर्षांखालची मुलं. वाढलेले परजीवी असे आत चिकटलेले असल्याने बोटाच्या रक्तात बहुधा कोवळ्या अंगठ्याच दिसतात. तपासणीच्या काचपट्टीवर थोडे परजीवी आहेत म्हणून आजार सौम्य, असा हिशेब इथे चालत नाही.

व्हायव्हॅक्सची तऱ्हा वेगळी. त्याचे काही परजीवी यकृतात झोपून राहतात आणि कित्येक महिन्यांनी, नवा डास न चावताही, ताप पुन्हा येतो. त्यांच्यासाठी प्रायमाक्विन देतात, बऱ्याच ठिकाणी 14 दिवस. गरोदर बायकांना ते देत नाहीत आणि जी-सिक्स-पीडी हे एन्झाइम कमी असलेल्यांना त्याने अपाय होऊ शकतो, त्यामुळे मनाने घ्यायचं औषध नव्हे. पण दिलेलं असेल तर? दोन-तीन दिवसांत ताप जातो आणि उरलेल्या गोळ्या पाकिटात राहतात. याचं मला फार वाईट वाटतं, कारण झोपलेल्यांवरचा इलाज नेमका त्याच गोळ्यांत असतो.

आणखी एक. काही परजीवी फुटण्याच्या फेऱ्यात न राहता नर-मादी रूपं घेतात. फाल्सिपेरमची ही रूपं केळ्यासारखी वाकडी असतात. त्यांच्यामुळे ताप येत नाही, आणि बरं वाटू लागलेल्या माणसाच्या रक्तात ती काही दिवस फिरत राहू शकतात. त्या दिवसांत त्याला अ‍ॅनोफिलीसची मादी चावली, तर तिच्या पोटात त्यांचं मीलन होतं आणि साधारण दहा ते चौदा दिवसांत नवे परजीवी तिच्या लाळेत येऊन थांबतात.