गोदामात आहे तरी काय?

नमस्कार मंडळी. आजचा विषय ऐकून लगेच स्टेशन बदलू नका. विषय आहे कारखान्यांची धोकादायक केमिकल्स साठवायची कशी आणि त्यावर लक्ष कुणी ठेवायचं. रुक्ष आहे, मान्य. पण त्यात प्रश्न तीनच आहेत: काय ठेवलंय, किती ठेवलंय, आणि कुणाला माहितीय. बाथरूमचं ॲसिड आणि ब्लीच एकत्र ओतायचं नाही हे तुम्हाला मी काय सांगणार, गोदामाचं शास्त्रही बरंचसं तेच, फक्त बाटल्यांच्या जागी टन.

आता लेबनॉनच्या राजधानीची, बैरूतची गोष्ट सांगतो, घरचे वैतागलेत ऐकून ऐकून. २०१३ साली रोसस नावाचं एक जुनं खटारा जहाज जॉर्जियातून मोझांबिकला निघालं, पोटात २,७५० टन अमोनियम नायट्रेट. वाटेत चार पैसे जास्त सुटावेत म्हणून बैरूत बंदरात जादा माल घ्यायला थांबलं, तो माल म्हणजे अवजड यंत्रं, ती काही जहाजाला पेलवेनात, मग बंदराची फी थकली, तपासणीत दोष निघाले, जहाज अडकलं आणि मालकानं हात वर केले. कॅप्टन आणि काही खलाशी कित्येक महिने जहाजावरच. २०१४ मध्ये माल उतरवला आणि टाकला बारा नंबरच्या गोदामात.

मग सुरू झाली पत्रं. कस्टमवाले कोर्टाला लिहितायत, हा माल परत पाठवू द्या, नाहीतर लष्कराला द्या, नाहीतर विकू द्या. वर्षं गेली, पोती तिथंच. (पत्र पाठवलं की काम झालं असं मानणारी एक जमात जगातल्या प्रत्येक ऑफिसात असते बघा, जावक नंबर पडला की यांना शांत झोप लागते, आणि हल्ली तर ईमेलला चार जणांना सीसी केलं की झालंच! असो.) २०१८ मध्ये ते जहाजसुद्धा बंदरातच बुडालं, माल मात्र गोदामात सुखरूप.

४ ऑगस्ट २०२०, संध्याकाळ. गोदामातून धूर येतोय म्हणून फायर ब्रिगेडला फोन गेला. दहा जणांची तुकडी निघाली, त्यात एक पॅरामेडिक मुलगी. एक फोटो आहे, पाहिला असेल तुम्ही, तिघं फायरमन त्या गोदामाचं दार उघडायची खटपट करतायत. आत काय आहे हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. थोड्याच वेळात स्फोट. दहाच्या दहा गेले. एकूण दोनशेहून जास्त माणसं गेली, तीन लाखांच्या आसपास लोकांची घरं राहण्यासारखी उरली नाहीत, आवाज समुद्रापलीकडे सायप्रसपर्यंत.

म्हणजे बंदराला माहीत, कस्टमला माहीत, कोर्टाला माहीत. आग विझवायला पाठवलं त्यांनाच माहीत नाही. परत सांगतो, त्यांनाच माहीत नाही.

बरं, हे अमोनियम नायट्रेट काही राक्षस नाही हो, खत म्हणून शेतातही जातं. ते स्वतः सहजासहजी पेटत नाही, पण दुसऱ्या आगीला ऑक्सिजन पुरवतं, आणि त्यात तेलबिल मिसळलं, ते कोंडलं, तापलं की मग आवरत नाही. म्हणून पेटणाऱ्या मालापासून लांब ठेवायचं. ॲसिडपासून सायनाइड लांब, तसंच. टाक्यांभोवती बांध घालायचा, सर्वात मोठ्या टाकीच्या ११० टक्के माल मावेल एवढा, ही नेहमीची पद्धत. आणि साठा ठरावीक मर्यादेच्या वर गेला की सरकारला कळवायचं, अपघाताचा आराखडा करायचा, आजूबाजूच्या लोकांना सांगायचं. इटलीत सेवेसोला १९७६ मध्ये डायॉक्सिन या विषारी रसायनाचा ढग पसरला, त्यानंतर १९८२ मध्ये युरोपनं हे नियमात घातलं. नियम आहेत हो, पण ड्रमांचं लेबल भिंतीकडे तोंड करून आणि साठ्याची यादी मॅनेजरच्या ड्रॉवरमध्ये असेल तर काय उपयोग? माझं तर म्हणणं आहे की ती यादी गेटवरच हवी, फायरमनला हात घालता येईल अशा पेटीत. काय, किती, कुठं. बस.

अजून यूएन नंबरांचं सांगायचं होतं, टँकरवर चार आकडे असतात ना, आत काय आहे ते सांगणारे, ते, पण काचेमागून हात करतायत, वेळ संपली. अमोनियम नायट्रेटचा १९४२, पेट्रोलचा १२०३. आता पुढचा टँकर दिसला की बघा. नमस्कार.