लाल दिव्याची परीक्षा

श्रोतेहो, नमस्कार.

नौपाड्यात, कोपरीत कुणी हौसेने घरीच ब्लॅक अँड व्हाइट फोटो छापायला घेतले, की बहुधा बाथरूमचीच डार्करूम होते. खिडकीच्या झडपांवर काळा कागद लागतो, बादलीच्या जागी ट्रे येतात आणि होल्डरमध्ये जातो देव्हाऱ्यातला लाल झिरोचा बल्ब. या बल्बवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, एवढंच आज सांगायचंय.

फोटो छापायचा साधा ब्रोमाइड पेपर मुख्यतः निळ्या उजेडाने काळा पडतो, मल्टिग्रेड पेपर हिरव्यानेही. लाल उजेडाचा त्यांच्यावर फारसा परिणाम होत नाही, म्हणून लाल दिवा चालतो. फिल्मचं तसं नाही. हल्लीची बहुतेक फिल्म सगळे रंग टिपते. ती धुवायच्या टाकीत भरताना मिट्ट काळोखच हवा. गिझरचा इवलासा दिवासुद्धा बंद करा आणि मोबाईल बाहेर ठेवा.

आता झिरोचा बल्ब. त्याच्या काचेवर नुसता रंग चढवलेला असतो. टवका उडाला की तिथून पांढरा उजेड येतो, आणि धड असलेल्या रंगातूनही थोडा निळा-हिरवा झिरपू शकतो. खरी सेफलाइट म्हणजे योग्य फिल्टरमागचा १५ वॅटचा बल्ब, कागदापासून निदान ४ फूट लांब.

तपासायला बरेच जण कोऱ्या कागदावर नाणं ठेवतात. कागद पांढरा राहिला की खूश! पण ही परीक्षा अपुरी आहे. कागद काळा पडू लागण्याआधी थोडा उजेड पचवतो. एन्लार्जरचा, म्हणजे निगेटिव्हचं चित्र मोठं करून कागदावर पाडणाऱ्या यंत्राचा, उजेड मिळालेल्या कागदाची ती सवलत संपलेली असते. मग सेफलाइटचा कणभर उजेडही त्यात मिसळतो. फोटोतलं पांढरं शर्ट, ढगाची कड मळकट दिसते, आणि आपण दोष देतो चित्र उमटवणाऱ्या रसायनाला, डेव्हलपरला.

म्हणून लाल दिवा बंद ठेवून, निगेटिव्ह न लावता एन्लार्जरखाली कागदाला फिकट राखाडी येईल इतकाच उजेड द्या. मग त्यावर नाणं ठेवा, लाल दिवा लावा, ७ मिनिटं थांबा. दिवा पुन्हा बंद करून अंधारातच डेव्हलप आणि फिक्स, म्हणजे पक्कं, करा. नाण्याचा फिकट गोल उमटला, तर दिवा लांब न्या किंवा छताकडे वळवा, आणि पुन्हा तपासा. फिल्टरचा रंगही वर्षानुवर्षं वापरून विटतो, त्यामुळे जुनी सेफलाइट विकत घेतलीत तर पहिला कागद या परीक्षेलाच खर्च करा.