सोमल शोषणारा नेचा

(दृश्य: वॉशिंग्टन. बंगल्यांची शांत गल्ली, दुतर्फा जुनी झाडं.)

अमेरिकेच्या राजधानीतली ही स्प्रिंग व्हॅली. बड्या लोकांची वस्ती. इथल्या घरांचे भाव विचारूच नका. जानेवारी १९९३मध्ये इथे नळासाठी चर खणताना जमिनीतून तोफगोळे निघाले. पहिल्या महायुद्धातले!

१९१७-१८ साली शेजारच्या अमेरिकन युनिव्हर्सिटीच्या आवारात लष्कर रासायनिक अस्त्रांचे प्रयोग करत होतं. युद्ध संपल्यावर उरलेला काही माल तिथेच पुरला गेला आणि पुढे त्यावर घरं उभी राहिली. तोफगोळे उचलता आले, पण त्या अस्त्रांतून मातीत मुरलेल्या आर्सेनिकचं काय? म्हणजे आपल्या सोमलातलं विष. ते काही हाताला लागत नाही.

तसं पाहिलं तर आर्सेनिक उपधातू, पण मातीच्या प्रदूषणात त्याची गणती जड धातूंतच होते. इथे मर्यादा ठरली दहा लाख भाग मातीत २० भाग. बहुतेक दूषित अंगणांतली वरची माती खरवडून नेली आणि नवी भरली. पण मोठ्या झाडाच्या मुळांत यंत्र घातलं, तर झाडच जायचं. म्हणून २००४ पासून काही अंगणांत आर्सेनिक शोषणारे नेचे, म्हणजे फर्न, लावून पाहिले.

(दृश्य: नेच्याचं पान उलटं धरलेलं. पर्णिकांच्या कडेने तपकिरी रेघ.)

हा टेरिस व्हिटाटा. ही तपकिरी रेघ म्हणजे त्याचे बीजाणू. चुना याला भारी आवडतो. आपल्याकडेही जुन्या चुनेगच्ची भिंतींच्या ओलसर फटींत तो उगवतो आणि आपण तो उपटून फेकतो. फ्लोरिडा विद्यापीठाच्या लेना मा आणि सहकाऱ्यांना तो लाकूड टिकवण्याच्या रसायनांनी विषारी झालेल्या जमिनीवर मजेत वाढताना दिसला. २००१ साली त्यांनी दाखवून दिलं, की मुद्दाम आर्सेनिक मिसळलेल्या मातीत त्याच्या सुक्या पानांच्या वजनात दोन टक्क्यांहून जास्त आर्सेनिक साठतं.

हे जमतं कसं? मातीतलं आर्सेनेट, म्हणजे आर्सेनिकचं एक रूप, रचनेने झाडांना लागणाऱ्या फॉस्फेटसारखं असतं. मुळं फॉस्फेट घेतात, त्याच वाटेने तेही आत शिरतं. बहुतेक झाडं तिथेच मान टाकतात. हा नेचा मात्र त्याचं रूप बदलतो, पानांपर्यंत चढवतो आणि पेशींतल्या रिक्तिकांमध्ये, म्हणजे साठवणीच्या पिशव्यांमध्ये, कोंडून ठेवतो. मग पानं कापायची. नवी फुटली, की पुन्हा कापायची.

(दृश्य: हातमोजे घातलेले हात, कात्री, जाड पिशव्या.)

पण खरी गोम इथेच आहे. आर्सेनिक संपत नाही, फक्त जागा बदलतं. ही पानं पेटवली, तर विष धुरातून हवेत जाणार. खत केलं, तर पुन्हा मातीत. गुरांच्या तोंडी लागली, तर विचारायलाच नको. म्हणून ती तपासून घातक कचऱ्याच्या नियमांनुसार हलवावी लागतात. शिवाय मुळं पोचतील तेवढीच खोली, आणि काम वर्षानुवर्षं चालणारं. वॉशिंग्टनच्या थंडीत हा नेचा तग धरत नाही, म्हणजे दर वसंतात नवी लागवड आली. आणि शिसं किंवा कॅडमियम असेल, तर याचा फारसा उपयोग नाही. त्यांच्यासाठी दुसरी झाडं शोधावी लागतात.

घाई असलेल्या बिल्डरला हे परवडणारं नाही. जुनं झाड वाचवायचं असेल आणि हाताशी वेळ असेल, तर मात्र माती खरवडण्याआधी हा नेचा लावून बघायला हवा.