झेरॉक्सच्या दुकानातून आलेला पेनड्राइव्ह

श्रोतेहो, नमस्कार.

माझी भाची बारावीला आहे. प्रोजेक्टची प्रिंट काढायला ती पेनड्राइव्ह घेऊन लालबागमधल्या एका झेरॉक्सच्या दुकानात गेली. घरी येऊन तो कॉम्प्युटरला लावला, तर प्रत्येक फोल्डरच्या चित्रावर कोपऱ्यात छोटासा बाण. सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झालेले. पोर रडकुंडीला आली.

तुमच्या घरीही असं झालं, तर आधी फॉरमॅट करू नका, म्हणजे पेनड्राइव्ह पुसून टाकू नका! फाइली बहुतेक वेळा तिथेच असतात. हा व्हायरस खरे फोल्डर लपवतो आणि त्याच नावाचे शॉर्टकट समोर मांडतो. त्यावर डबल क्लिक केलं की फोल्डर उघडतो, पण मागून व्हायरसही चालू होतो. लपवलेल्या फाइली दाखवायची सोय आम्ही सुरू केली, सिस्टिमच्या फाइली लपवण्याची खूण काढली, आणि प्रोजेक्ट जसाच्या तसा सापडला.

पण तिने डबल क्लिक केलंच होतं. म्हणजे आता आमचा कॉम्प्युटर तपासायला हवा होता. त्यावरच्या ट्रायलच्या अँटिव्हायरसची मुदत कधीच संपलेली, अपडेट थांबलेले. औषधाच्या रिकाम्या बाटलीसारखं ते नुसतंच कपाटात पडून होतं. ते काढलं, कॉम्प्युटर रीस्टार्ट केला, आणि विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, डिफेंडर, आपोआप जागा झाला. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, हा पहारेकरी विंडोजसोबतच येतो. वेगळे पैसे नाहीत. अनेकांना हे माहीतच नसतं, याचं मला फार वाईट वाटतं.

तरी रविवारी बसून दोन मोफत अँटिव्हायरस वापरून पाहिली. एका वेळी एकच, कारण दोन पहारेकरी एका दारात उभे केले की एकमेकांच्याच अंगावर धावून जातात आणि कॉम्प्युटर रडत चालतो. डाउनलोड थेट कंपनीच्या साइटवरून केलं. इन्स्टॉल करताना 'नेक्स्ट, नेक्स्ट' दाबत सुटू नका. एका पडद्यावर वेगळा ब्राउझर टाकायची टिकमार्क आधीच लावून ठेवलेली होती. मी चष्मा लावून प्रत्येक ओळ वाचली म्हणून ती दिसली. दुसऱ्याने तर 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये अडचणी आहेत' म्हणून दिवसभर घाबरवलं, आणि त्या दुरुस्त करायला पैसे मागितले.

पहारेकरी जागा आहे का, हे कसं ओळखायचं? त्यासाठी 'आयकार' नावाची चाचणी फाइल असते. फक्त ६८ अक्षरांची, अगदी निरुपद्रवी, पण सगळी नावाजलेली अँटिव्हायरस तिला पाहताच ओरडतात. डिफेंडर आणि ती दोन मोफत अँटिव्हायरस, अशा तिघांनाही आम्ही ती दाखवली. तिघांनीही लगेच पकडली. याने एवढंच कळतं की यंत्रणा चालू आहे. नवा व्हायरस ती पकडेल की नाही, हे यातून कळत नाही.

मोफत म्हणजे वाईट असं मी म्हणणार नाही. पण कंपनी पैसे कुठून मिळवते, हे विचारायला हवं. मोफत अँटिव्हायरस देणाऱ्या अवास्ट कंपनीने ग्राहकांच्या ब्राउझिंगची माहिती विकली, म्हणून २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने त्या कंपनीला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. आपल्या सरकारचं सायबर स्वच्छता केंद्रही २०१७ पासून सफाईची साधनं फुकट देतं, ती जरूर पाहा. आमच्या घरी शेवटी डिफेंडरच ठेवला. भाचीच्या अभ्यासाला तो पुरतो, असं माझं मत आहे.

राहिलं ते झेरॉक्सचं दुकान. रोग तिथूनच आला होता. शनिवारी मी दुकानदारदादांकडे गेले, त्यांना शॉर्टकट दाखवले. बिचाऱ्यांना कल्पनाच नव्हती. त्यांनी लगेच खुर्ची पुढे केली. डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन लावला. त्यात विंडोज पूर्ण सुरू होण्याआधीच तपासणी होते, साधारण पंधरा मिनिटं लागतात. तेवढ्यात पेनड्राइव्ह हातात धरून तीन मुलं काउंटरपाशी येऊन उभी राहिली. दादांनी हात आडवा केला आणि म्हणाले, "थांबा रे बाळांनो, मशीन तपासायला टाकलंय."