खपली पडेपर्यंत

(इंदूरच्या एका मराठी मंडळात त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टर बाईंनी केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)

नमस्कार मंडळी. केशरोपण केलेल्यांनी एकट्यानं येऊ नये, घरच्यांना घेऊन यावं, असं मी निमंत्रणातच लिहायला लावलं होतं. तसं का, ते आधी सांगते.

काही वर्षांपूर्वीची नरक चतुर्दशी. सकाळी साडेसातला फोन वाजला. सुदामानगरातला एक तरुण, चार दिवसांपूर्वी मीच त्याचं केशरोपण केलं होतं. पहाटे आईनं त्याला पाटावर बसवलं, कोमट तेल घेतलं आणि दर दिवाळीला चोळते तसं त्याचं डोकं चोळलं. तिला दिसत होत्या नुसत्या खपल्या. डोकं कोरडं पडलंय, तेल जिरलं की मऊ होईल, असं तिला वाटलं. तोही काही बोलला नाही. अभ्यंगाला नाही कसं म्हणायचं! तासाभरात दोघं माझ्यासमोर होते. टॉवेलवर रक्ताचे ठिपके, आणि त्यात तांदळाच्या कणीएवढे कितीतरी तुकडे. ती एकेक केसाची मुळं होती. पुढच्या रेषेतली एका बाजूची बरीच गेली होती, आणि गेलेलं मूळ परत लावता येत नाही.

त्या माउलीची यात काडीचीही चूक नव्हती. चूक माझी होती. काळजी कशी घ्यायची याचा कागद मी दिला होता, पण तो इंग्रजीत होता आणि दिला होता मुलाच्या हातात. डोक्याला हात लावणारी माणसं घरात वेगळीच असतात, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. त्या दिवसापासून कागद मराठीत आणि हिंदीत, आणि घरातलं कुणीतरी समोर बसल्याशिवाय मी तो समजावत नाही.

आता मूळ म्हणजे काय ते बघू. डोक्याच्या मागच्या आणि कानांवरच्या पट्ट्यातले केस सहसा टिकून राहतात. तिथून जेमतेम एक मिलिमीटर रुंदीच्या बारीक नळीनं केसांची मुळं एकेक करून काढतात. कधी त्याऐवजी मागची कातडीची पट्टी काढून टाके घालतात. प्रत्येक तुकड्यात एक ते चार केस असतात आणि त्याची लांबी चार-पाच मिलिमीटर. पुढे टक्कल पडलेल्या जागी बारीक छेद देऊन ते त्यात बसवायचे. एका बैठकीत असे दोन-अडीच हजार तुकडे बसवणं नेहमीचं आहे. म्हणजे डोक्यावर तेवढ्या जखमा, आणि काढलेल्या जागी आणखी तेवढ्याच.

मिरचीचं किंवा कांद्याचं रोप वाफ्यातून काढून लावताना तुम्ही पाहिलं असेल. लावलं त्या दिवशी बोटानं उचललं तर अलगद हातात येतं. केसाचंही तसंच आहे. पहिले दोन-तीन दिवस त्या मुळाला स्वतःचा रक्तपुरवठाच नसतो. आजूबाजूला झिरपणाऱ्या द्रवावर ते तग धरतं. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून बारीक रक्तवाहिन्या त्याच्याशी जोडल्या जायला लागतात. आठ-दहा दिवसांत ते पक्कं धरतं. मूळ जगणार की जाणार, याचा बराचसा निकाल या दहा दिवसांत लागतो, आणि ते दिवस माझ्याकडे नाही, तुमच्या घरात जातात.

खपलीचा खरा घोळ इथे आहे. खपली म्हणजे मळ नव्हे. छेदातून झिरपलेलं रक्त आणि पाणी सुकून ती बनते आणि वर आलेला केस तिच्यात चिकटलेला असतो. पाचव्या दिवशी खपली ओढली तर केस ओढला जातो, आणि केसाबरोबर मूळ. लहानपणी गुडघ्यावरची खपली काढली म्हणून आपण सगळ्यांनी आईच्या हातचा मार खाल्लेला आहे. तीच आई केसांच्या बाबतीत मात्र ‘जरा काढून टाक ना, किती घाण दिसतंय’ म्हणते, कारण ती जखम आहे हे डोळ्यांना दिसत नाही.

याच्या उलटही माणसं असतात. भीतीनं पंधरा दिवस डोक्याला पाणीच लावत नाहीत. मग खपल्यांचा जाड थर बसतो, खाली घाम आणि तेल साचतं, पुळ्या येतात. माझ्याकडे येणाऱ्यांत घासणाऱ्यांपेक्षा हे न धुणारेच जास्त. म्हणून धुण्याची पद्धत नीट सांगते.

पहिले दोन-तीन दिवस फक्त सलाइनचा फवारा. बाटली वीतभर लांब धरायची आणि जागेपणी तास-दोन तासांनी मारायचा. डोकं ओलसर राहिलं की खपली जाड होत नाही. पहिली धुलाई मी तिसऱ्या दिवशी दवाखान्यातच करून दाखवते. तुमच्या डॉक्टरांनी दुसरा दिवस सांगितला असेल तर त्यांचं ऐका. शॉवर नको, त्याच्या धारेचा जोर लागतो. त्याऐवजी पाण्याचा मग वापरा. सौम्य शाम्पू वाटीत पाण्याबरोबर फेटून फेस करायचा आणि तो फेस तळहातानं नुसता डोक्यावर ठेवायचा. ठेवायचा म्हणते, लावायचा नाही. पाच-दहा मिनिटं थांबायचं. मग कोमट पाणी मगातून हळूहळू, अगदी महादेवावर धार धरतो तसं. पाणी पहिल्यांदा तांबूस येतं, त्याला घाबरू नका. पुसायचं नाही, मऊ सुती कापड टेकवून टिपायचं किंवा आपोआप वाळू द्यायचं. नर्मदेचं चालेल की बोअरचं, असं बरेच जण विचारतात. पाणी स्वच्छ असावं, एवढंच. टाकी कधी धुतली ते मात्र आठवून बघा. आठव्या-नवव्या दिवसापासून फेस ठेवल्यावर बोटांच्या पेरांनी हलकेच गोल फिरवायचं. नखं लागता कामा नयेत. दहा ते चौदा दिवसांत खपल्या स्वतःहून सुटतात. मागचा भाग पहिल्यापासून जरा मोकळेपणानं धुता येतो. तिथे टाके असले तर ते साधारण दहा ते चौदा दिवसांनी निघतात.

सूज येते, आणि ती कपाळावर येते. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी ती खाली उतरून डोळे बारीक होतात. आरशात बघून माणूस हादरतो. बधिर करायला टोचलेलं पाणी खाली उतरतंय, दुसरं काही नाही. दोन-तीन उशा घेऊन किंवा आरामखुर्चीत अर्धवट बसून झोपा, कपाळावर गार पट्टी ठेवा, पण लावलेल्या भागावर बर्फ नको. उशीवर स्वच्छ टॉवेल पसरा. काहींना या दिवसांत उचकी लागते आणि थांबता थांबत नाही. त्यावर औषध आहे, फोन करा. खाज सुटते, ती भरून येण्याची खूण आहे. खाजवण्याऐवजी फवारा मारा. बधिरपणा काही आठवडे, कधी काही महिनेही राहतो.

आता ज्याच्यावर मला सर्वांत जास्त बोलायचं आहे ते. तिसऱ्या आठवड्यात कुणीतरी हमखास पुडी घेऊन येतो. कागदाच्या पुडीत पन्नास-साठ केस, प्रत्येकाच्या टोकाला पांढरा ठिपका. ‘मॅडम, मुळासकट आले.’ एका मुलानं माझ्यासमोर पुडी उघडली तेव्हा त्याचे हात थरथरत होते. बहिणीच्या लग्नासाठी ठेवलेल्या पैशांतून त्यानं हे केलं होतं, घरी कुणाला ठाऊक नव्हतं. मी भिंग त्याच्याच हातात दिलं. तो पांढरा ठिपका कोरडा होता, त्याला रक्त नाही, मांस नाही. विश्रांतीला गेलेल्या केसाचं ते टोक असतं, कंगव्यात रोज येणाऱ्या केसालाही ते असतं. केस जन्माला घालणारं मूळ कातडीखाली शाबूत असतं. जागा बदलल्याच्या धक्क्यानं ते दोन-अडीच महिने झोपतं आणि वरचा केस सोडून देतं. दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यात हे होतंच. पहिल्या आठवड्यात रक्तासकट ओलसर तुकडा आला तर मूळ गेलं. तिसऱ्या आठवड्यात कोरडा केस आला तर काहीच गेलं नाही. एवढा फरक घरातल्या प्रत्येकाला माहीत हवा.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात नवे केस डोकावतात, बारीक आणि कधी वळलेले. त्या वेळी थोड्या पुळ्याही येतात, त्या फोडू नका. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. सहा महिन्यांत फरक दिसतो, आणि पुरता निकाल वर्षानं. त्याआधी शेजारच्याचं डोकं बघून स्वतःला त्रास करून घेऊ नका. त्या मधल्या महिन्यांत मुलं बोलेनाशी होतात, टोपी घालून जेवायला बसतात. घरच्यांनी ‘काही उगवलं का’ असं रोज विचारू नये, ही माझी हात जोडून विनंती आहे.

तंबाखूचं सांगितलंच पाहिजे. निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आकसतात, आणि आपल्याला तर नेमक्या त्याच जोडायच्या आहेत. आधी आणि नंतर, दोन्ही वेळी काही आठवडे सिगारेट बंद. दारूही रोपणाच्या आठवड्यात नको. जिममधलं वजन उचलणं दोन आठवडे थांबवा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर स्वतःच्या मनानं बंद करू नका. ती गोळी हृदयासाठी आहे. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात हवी, नाहीतर जखमा रेंगाळतात.

तारीख ठरवताना कॅलेंडर बघा. लग्नसराईत फेटा येतो, आणि फेटेवाला तो घट्टच बांधतो. हौसेची होळकरी पगडी असली तरी महिनाभर थांबा. हेल्मेटचंही तेच, काढताना ते पुढच्या रेषेवरून घासत जातं. हेल्मेटशिवाय गाडी चालवा असं मी कधीच म्हणणार नाही. त्या दिवसांत दुसऱ्या कुणालातरी सोडायला सांगा. रंगपंचमीच्या गेरीत, म्हणजे रंगाच्या मिरवणुकीत, राजवाड्यावर टँकरमधून उडणारा रंग आणि गुलाल डोक्यावर बसतो. मग तो काढायला आपण घासतो. फाल्गुनात रोपण केलं असेल तर त्या वर्षी गेर गच्चीतून बघा. उन्हात पहिले काही महिने सैल टोपी किंवा छत्री, कारण ती कातडी नवी असते आणि लगेच काळवंडते.

आणि फोन कधी करायचा? लाली पसरत जाते, पू येतो, ताप येतो, दुखणं कमी व्हायचं सोडून वाढतं, किंवा लावलेल्या जागी काळपट डाग पडून मोठा होतो. यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी. त्या फोनला उत्तर द्यायला डॉक्टर असला पाहिजे. राष्ट्रीय वैद्यक आयोगानं 2022मध्ये केशरोपणाबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. नोंदणीकृत, प्रशिक्षित डॉक्टरच हे करू शकतो आणि व्हिडिओ बघून शिकलेलं चालणार नाही, असं त्यात स्पष्ट आहे. स्वस्त पॅकेजच्या नादात पैसे भरण्याआधी एक विचारा: चौथ्या दिवशी रात्री दहाला माझा फोन कोण उचलेल? त्या माणसाचं नाव आणि नोंदणी क्रमांक लिहून घ्या.

ती दिवाळीची माउली दीड वर्षानं मुलाला घेऊन परत आली. गेलेली रेष आम्ही पुन्हा भरली. तिसऱ्या दिवशी धुताना मी तिलाच मग दिला. तिचा हात थांबत थांबत चालत होता. ती धार मी अजून विसरले नाही.

इथे टेबलावर फवाऱ्याची बाटली, वाटी, मग आणि एक नारळ ठेवला आहे. नारळावर करून दाखवते. ज्यांच्या घरी येत्या महिन्यात कुणाचं रोपण आहे, त्यांनी पुढे या आणि स्वतःच्या हातानं करून बघा.